साकव माजतो म्हणे

कुंभारवाड्याच्या पुढे रस्ता सोडून जंगलात उतरलं, की एक व्हाळ, म्हणजे रानातला ओढा, आडवा येतो. व्हाळाच्या एका काठाला जीपचा रस्ता, शाळा आणि एकुलतं एक दुकान. दुसऱ्या काठाला करंजमाळ नावाची अकरा घरांची वाडी. वैशाखात या व्हाळात म्हशीसुद्धा नीट भिजत नाहीत. पण आषाढ-श्रावणात तोच व्हाळ मोठाली झाडं मुळासकट वाहून नेतो, आणि मग वाडीला जगाशी जोडणारी एकच गोष्ट उरते : झिलू वेळीपाने बांधलेला साकव.

साकव म्हणजे फार काही नव्हे. दोन्ही काठांना रोवलेल्या जाड मेढी, त्यांच्या आधाराने टाकलेले दोन लांब सोट, सोटांवर रानवेलींनी आवळलेले आडवे बांबू, आणि उजव्या हाताला धरायला एक लांब बांबू. रुंदी एका माणसापुरती. हे सगळं दर वैशाखात नव्याने करायचं, कारण दिवाळीपर्यंत वेली कुजून जातात. झिलू हे काम एकेचाळीस वर्षं करतो आहे. त्याच्या साकवावरून आजवर एकही माणूस पडलेला नाही. एक शेळी पडली होती, पण ती मुळातच ऐकणारी नव्हती, असं झिलूचं म्हणणं.

वाडीतल्या प्रत्येक पोराला साकवावरून चालायला शिकवलं तेही झिलूनेच. मेढीजवळ उकिडवा बसून तो सांगायचा, "पान्याकडं बगायचं न्हाई. पान्यात काय बगायचं? ते चाललंय आपल्या कामाला. तू पल्याडच्या मेढीकडं बग. मेढ हालत न्हाई. नजर मेढीवर ठेव, पाय आपसूक जात्यात." पोरं शिकली, मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं शिकली. मास्तर मात्र काठावरच राहिले.

कारण झिलू वेळीप आपल्या साकवावरून कधीही, एकदाही, चाललेला नव्हता.

साकव तो खालून बांधायचा. वैशाखातल्या सुक्या पात्रात उभं राहून मेढी ठोकायचा, सोट चढवायचा. वर चढून बांबू आवळायचं काम पूर्वी थोरला भाऊ करायचा, भाऊ गेल्यावर पुतण्या गुणा. पावसाळ्यात पलीकडे जायची वेळ आलीच, तर झिलू पहाटे उठून जंगलातून वर चढायचा, व्हाळाच्या उगमाला वळसा घालायचा आणि तीन तासांनी समोरच्या काठावर उगवायचा.

त्याला भित्रा म्हणावं, तर तसंही नाही. मधाच्या पोळ्यासाठी चाळीस हात उंच झाडावर तो दात कोरत चढतो. एकदा वाटेत अस्वल उभं राहिलं, तर "जा की रं बाबा, मलाबी जायाचं हाय," असं म्हणून हा बाजूला थांबला आणि अस्वल खरोखर गेलं. पण बांबूंच्या फटीतून वाहतं पाणी दिसलं, की त्याला वाटायचं पाणी थांबलंय आणि साकवच वरच्या अंगाला धावत सुटलाय. कारण विचाराल तर काही नाही. लहानपणी तो कधी पाण्यात पडला नव्हता, कुणाला बुडताना त्याने पाहिलं नव्हतं. काही जणांना पालीची असते तशी ही भीती आपली होती.

भीती लपवणं सोपं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तो बायकोला, रुक्माला, माहेरी पोचवायला निघाला. तिचं माहेर व्हाळाच्या पलीकडे. नवी नवरी डोक्यावर बोचकं घेऊन साकवावर चढली, मध्यावर गेल्यावर तिने लाजत मागे वळून पाहिलं, तर नवरा नाही. नवरा तीन तासांनी सासुरवाडीच्या अंगणात आला, धोतर फाटलेलं, पिंढऱ्यांना जळवा चिकटलेल्या. "गवा आडवा आला," असं त्याने सासऱ्याला सांगितलं. रुक्माने मीठ आणून त्याच्या पायांच्या चौदा जळवा काढल्या आणि एक शब्द बोलली नाही.

पुढच्या वर्षी वाडीच्या म्हाताऱ्या बुधवंताने, म्हणजे वाडीतल्या मानाच्या कर्त्या पुरुषाने, त्याला हटकलं. "काय रं झिल्या, तू साकवावर दिसत न्हाईस कदी?" झिलूच्या तोंडातून निघून गेलं, "आमचा आज्जा सांगायचा, बांधनाऱ्यानं आपल्या साकवावर पाय ठेवू नये. साकव माजतो." बुधवंताने मान डोलावली. झालं. पाच वर्षांत ती गोष्ट वाडीभर झाली, दहा वर्षांत ती रीत झाली. वीस वर्षांनी तर म्हाताऱ्या बुधवंताचा मुलगा महाबळेश्वर, जो आता स्वतः बुधवंत आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, की अणशीकडच्या एका गावात बांधणारा साकवावर चढला, तसा साकव मधोमध मोडला, "माज्या बापानं डोळ्यानं बगितलंय." झिलूही मान हलवून ऐकायचा. कधीकधी त्याच्याही अंगावर काटा यायचा.

तर असं सगळं बरं चाललं होतं, आणि रुक्माचे डोळे गेले.

एकदम गेले नाहीत. चार वर्षांत हळूहळू दुधाळ झाले. आधी तांदळातले खडे दिसेनात, मग सुईचं भोक, मग कोंबडी कोणती आणि कोंबडा कोणता. शेवटी माणसंसुद्धा सावलीसारखी दिसू लागली. गेल्या पावसाळ्यात तिने चुलीत घालायचं लाकूड समजून विळ्याचं पातं धरलं, आणि झिलूचं दोन दिवस जेवणावरून लक्षच उडालं.

वाडीत दर मंगळवारी सिस्टर सेराफिना यायच्या. कॉन्व्हेंटच्या छोट्या दवाखान्यातली औषधं पिशवीत घेऊन, पायात गमबूट घालून, नजर खाली आणि ओठांवर जपमाळेची प्रार्थना, अशा त्या साकवावरून येत. नजर खाली ठेवूनही त्या दर वेळी सुखरूप पोचतात, हा झिलूला आपल्या शिकवणीचा अपमान वाटायचा.

तेरा ऑगस्टच्या मंगळवारी सिस्टरनी रुक्माच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "रुक्माबाई, मोतीबिंदू पिकलाय. रामनगरला पुढच्या आठवड्यात शिबिर आहे. गुरुवारी, बावीस तारखेला, सकाळी आठ वाजता रस्त्यावरून जीप निघेल. एका डोळ्याचं लगेच करतील. या वर्षी परत शिबिर नाही."

"आनि मग दिसंल?" झिलूने विचारलं.

"दिसेल. पण घरचं माणूस बरोबर पाहिजे. सही करायला, दोन दिवस राहायला, थेंब घालायला. मुलगा येईल का?"

मुलगा गणपती गोव्यात कामाला. त्याला आदल्या महिन्यातच रजा मिळून गेली होती.

"हे येतील," रुक्मा म्हणाली. ती समोर बसून मुडलीचे कंद हाताने चाचपत सोलत होती. "न्हाई वो?"

"येतो की," झिलू म्हणाला. "तू गुनाचा हात धरून साकवावरनं जा. मी म्होरनं वळसा घालून येतो. पाचाला निगालो तर आठाला जीपजवळ."

"वळसा?" सिस्टरनी विचारलं. मग त्यांना रीत सांगण्यात आली. सिस्टरनी ती ऐकून घेतली, झिलूकडे एकदा पाहिलं, रुक्माकडे एकदा पाहिलं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत काढलेल्या बाईला खोटं कुठे शिवलंय ते शिवण पाहूनच कळतं. पण त्या तसं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मला बाई आज मध्यावर पाय सरकला आणि धस्स झालं. मग पेत्राची आठवण झाली."

"कोन पेत्र?"

"येशूचा शिष्य. मासे धरणारा. पाण्यावरून चालला होता तो."

झिलूने सुपारी कातरायची थांबवली. विषय त्याच्या धंद्यातला होता. "पान्यावरनं? साकव न्हवता?"

"नव्हता. मोठं सरोवर होतं. शिष्य होडीत, वारा उलटा, लाटा उसळलेल्या. पहाटे पहाटे येशू पाण्यावरून चालत त्यांच्याकडे आला. सगळे घाबरले, भूत म्हणून ओरडायला लागले. तो म्हणाला, धीर धरा, मी आहे, भिऊ नका. तेव्हा पेत्र म्हणाला, तू असशील तर मला पाण्यावरून तुझ्याकडे यायला सांग. येशू म्हणाला, ये."

"आन् ह्यो उतरला?"

"उतरला. चालला पण. मग वारा पाहून घाबरला आणि बुडायला लागला."

"वारा दिसतो व्हय?" झिलूने विचारलं.

"भ्यालेल्याला दिसतो," रुक्मा कंदातून मान वर न करता म्हणाली.

झिलूने तिकडे दुर्लक्ष केलं. "तसं न्हवं सिस्टर. त्यानं नजर हालवली. समोरच्या मानसाकडं बगत हुता तंवर बरा चालला की. खाली बगितलं आन् घात झाला. माज्याकडं शिकला आसता तर पोचला आसता. पन मला एक सांगा, मासं धरनारा म्हनतासा, मग त्याला पोवाय येत न्हवतं?"

सिस्टर थबकल्या. "येत होतं. दुसऱ्या एका गोष्टीत तो उडी मारून काठाला गेलाय."

"मग वरडला कशाला?"

"खरंच की!" सिस्टर मोठ्याने हसल्या. "इतक्या वर्षांत मला एकाही मुलीने हे विचारलं नाही. पोहता येणारा माणूस वाचवा म्हणून ओरडला. भीतीने पोहायचंसुद्धा विसरला असेल. मग येशूने लगेच हात पुढे करून त्याला धरलं, आणि मग म्हणाला, अल्पविश्वासी माणसा, का शंका धरलीस?"

"आदी हात धरला, मग बोलला?" रुक्माने विचारलं.

"हो. आधी हात."

"बरं हाय. आमच्या घरात उलटं हाय."

झिलू घसा साफ करत म्हणाला, "आन् होडीतले बाकीचे?"

"अकरा जण होते. ते बसून राहिले."

"त्यास्नी कोन काय बोललं?"

"नाही. कुणी काही नाही."

"मग!" झिलूने मांडीवर थाप मारली. "तेच शाने. कोरडे राह्यले, बोलनी खाल्ली न्हाईत."

"त्या शान्यांपैकी कोन काय करत हुता वो सिस्टर, त्या येळी?" रुक्माने विचारलं.

"ते काही गोष्टीत सांगितलेलं नाही."

"बगा," रुक्मा म्हणाली, आणि सोललेला कंद पातेल्यात टाकला. "बसून राह्यल्याल्याचं कोन कशाला सांगंल."

सिस्टर गेल्या. त्या साकव ओलांडून दिसेनाशा झाल्या, तेव्हा रुक्माने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "अवो, ऐका. मी साकवावरनं जाईन तर तुमच्यासंगट. गुनासंगट न्हाई. तुमी येनार न्हाईसा, तर डोळं ऱ्हाऊंदेत हाईत तसं."

"आगं येडी का काय! रीत हाय ती. साकव माजंल."

"ते बाकीच्यास्नी सांगा. जळवा मी काढल्याव."

एकेचाळीस वर्षांत जळवांचं नाव तिने पहिल्यांदा काढलं. झिलूच्या हातातला अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला. त्याला वाटत होतं की ही भीती जगात फक्त त्याला ठाऊक आहे. आणि ती तर या बाईने मीठ लावून, मोजून, केव्हाच काढून ठेवलेली होती.

पुढचे आठ दिवस घरात फार मजेत गेले, निदान रुक्माचे. झिलूने तिला परोपरीने समजावलं. गुणाला पुढे घातलं. गुणा म्हणाला, "काकी, माजा हात काय वाईट हाय?" ती म्हणाली, "तुजा हात तुज्या बायकूला दे. तिचं डोळं चांगलं हाईत, तिला कळंल तरी." शेजारची गिरजा आली. "अगं रुक्मा, हट्ट कशाला? डोळ्यापरास नवऱ्याचा हात मोटा व्हय?" रुक्मा म्हणाली, "न्हाई. पन डोळं मिळालं आन् पयलं काय बगायचं, तर ह्यास्नी डोंगरातनं जळवा घिऊन येताना? नगं गं बाई."

शुक्रवारी झिलूने मागच्या परसात दोन सोट जमिनीवर टाकले, त्यावर बांबू आंथरले आणि चालून पाहिलं. उत्तम जमलं. डोळे मिटून जमलं. उलटं चालूनही जमलं. कोंबड्या रांगेने बसून बघत होत्या. गुणा तिथे आला तेव्हा हा एका पायावर उभा होता.

"काका, काय करतासा?"

"माप घेतोय."

"एका पायानं?"

"दुसऱ्याचं झालं."

पण रविवारी तो खऱ्या साकवाजवळ गेला, पहिल्या बांबूवर अंगठा टेकवला, फटीतून पाणी पाहिलं, आणि साकव लगेच वरच्या अंगाला धावत सुटला. झिलू घरी आला आणि अंगणात बसून राहिला. रुक्मा हाताने भिंत चाचपत ओसरीवर आली. उंबऱ्याची उंची तिला पायाने माहीत होती, खांब हाताने माहीत होता. पण अंगणात सुकत टाकलेलं सूप तिला माहीत नव्हतं. ती त्यावर पडता पडता सावरली आणि स्वतःशीच हसली. झिलूने पाहिलं. त्याने सूप उचलून ठेवलं, आणि संध्याकाळी न विचारता स्वतःचा सदरा पिशवीत भरला.

गुरुवारी सकाळी सातला सगळी वाडी साकवाजवळ जमली. रुक्माला निरोप द्यायला आले होते सगळे, पण खरं म्हणजे झिलू काय करतो ते बघायला. पलीकडच्या काठावर सिस्टर छत्री घेऊन उभ्या होत्या. व्हाळ दोन्ही काठ भरून तांबूस वाहत होता. झिलूने वहाणा काढून पिशवीत घातल्या. तेवढ्यात महाबळेश्वर बुधवंत काठी आडवी धरून पुढे झाला.

"झिल्या, पाय ठेवू नगंस! साकव माजंल. चवथ तोंडावर आली. आमची पोरं शाळंला कशी जायाची? गनपतीची मूर्ती कुटनं आनायची?"

"व्हय व्हय," लोक म्हणाले. "रीत हाय."

झिलूच्या मनात लख्ख उजेड पडला. सुटका आपल्या पायांनी चालत आली होती. आता फक्त "काय करू गं रुक्मे, वाडी सोडंना" एवढं म्हणायचं होतं. वाडी त्याची बाजू घेणार होती, महाबळेश्वर शपथ घेणार होता. त्याने वळून पाहिलं. रुक्मा काठावरच्या दगडावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने ती भलतीकडेच, करंजाच्या झाडाकडे, बघत होती. त्या झाडात तिला झाड दिसत नव्हतं, हे झिलूला ठाऊक होतं.

तो महाबळेश्वरकडे वळला. "ती रीत खोटी हाय."

"काय?"

"खोटी हाय. मी काडली. मला साकवावर भ्या वाटतं. पयल्यापासनं वाटतं. म्हनून मी आज्जाचं नाव सांगितलं. आज्जा काय बोलला न्हवता."

झिलूला वाटलं, आता ही सगळी माणसं हसणार. पण महाबळेश्वर शांतपणे म्हणाला, "आसं कसं आसंल? माज्या बापानं डोळ्यानं बगितलंय. अणशीकडं मोडला साकव."

"तुज्या बापाला मीच सांगितलं रं! आनि अणशीचं तर मीबी तुज्याकडनंच ऐकलं."

"तुला ठावं न्हाई झिल्या. ही रीत तुज्या आदीची हाय. तुज्या तोंडून देवानं वदवली आसंल."

"देवानं न्हाई, भ्यानं वदवली!" झिलू ओरडला. "चाळीस वर्सं मी तुमा सगळ्यास्नी फसवलं!"

"बायकूच्या डोळ्यासाटी बोलतोय बिचारा," गिरजा हळूच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवडी माया!"

जन्मात पहिल्यांदा झिलू एवढं मोठं खरं बोलला होता, आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. खोटं त्याने किती सहज खपवलं होतं! महाबळेश्वरची काठी आडवीच होती. पलीकडे सिस्टर मनगटावरचं घड्याळ दाखवत होत्या.

तेव्हा रुक्मा उठली. "बुधवंतानू," ती म्हणाली, "तुमचं बराबर हाय. रीत खरीच हाय. पन अर्दीच रीत सांगतासा. माजी आज्जी सांगायची, बांधनारा एकला गेला तर साकव माजतो. बायकूचा हात धरून गेला तर न्हाई माजत. बायकूच त्याला माजू दीत न्हाई."

महाबळेश्वरने विचार केला. बुधवंताला एखादी रीत माहीत नाही, हे सगळ्या वाडीसमोर बरं दिसलं नसतं. "व्हय," तो म्हणाला. "आसं बी ऐकल्यालं हाय मी. माजा बाप म्हनायचा." आणि काठी बाजूला झाली.

रुक्मा पुढे, तिचा डावा हात मागे, आणि त्या हातात झिलूचा हात, असे ते साकवावर चढले. रुक्मा चाळीस वर्षं ज्या साकवावरून एकटी गेली होती त्यावर तिला डोळे लागत नव्हते. उजवा हात बांबूवर, पाय एकेक बांबू चाचपत. झिलूची नजर मेढीवर होती. एक पाऊल, दोन, सात, दहा. मागून पोरं ओरडली, "आज्जा, मेढीकडं बगा! मेढीकडं!" त्याने शिकवलेली पोरं. आपलेच शब्द पाठीत लागल्यावर त्याला हसू आलं, हसता हसता नजर ढळली, आणि पायांखाली तांबडं पाणी दिसलं.

साकव सुटला. वरच्या अंगाला धावू लागला, व्हाळ, झाडं, वाडी सगळं सोडून. झिलूने रुक्माचा हात सोडला, दोन्ही हातांनी बांबू पकडला आणि मधोमध फतकल मारली.

"रुक्मे!" तो ओरडला. पोहता येत असूनही पेत्र ओरडला, तसाच ओरडला.

रुक्मा वळली. तिला तो दिसत नव्हता. तिने वाकून हात फिरवला, तो पहिल्यांदा त्याच्या कानावर पडला. तिने कानच धरला. मग खांदा, मग दंड, मग हात. तिने काही बोलणी दिली नाहीत. फक्त म्हणाली, "मेढ कुटं हाय?"

"आँ?"

"मला दिसत न्हाई वो. दिशा चुकली वळताना. पल्याडची मेढ कुटं हाय ते सांगा, न्हाईतर मी पडतो आता."

झिलूने दचकून मान वर केली. "आगं हलू नगंस! समोर हाय. जरा डावीकडं वळ. इतकं न्हवं! हां. आता सरळ."

"तुमी उटल्याबगर कसं सांगनार? मेढीला किती अंतर ऱ्हायलं?"

तो उठला. केव्हा उठला ते त्याला कळलं नाही. तिच्या खांद्यावरून मेढीकडे बघत तो सांगत राहिला, "हां, पाऊल टाक. फट हाय, लांब टाक. चार हात. तीन. मेढ आली, धर." आणि मग दोघांच्याही पायांखाली चिखल आला.

चिखलात पोचताच रुक्माने त्याचा हात सोडला आणि कमरेवर हात ठेवले. "एकेचाळीस वर्सं! चवथीला मी डोस्क्यावर वजं घिऊन एकली गेलो. पोर पोटात आसताना एकली गेलो. बाप मेला तवा एकली गेलो. आन् तुमी डोंगर हिंडत हुतासा!"

झिलू मान खाली घालून उभा राहिला. त्याला फार बरं वाटत होतं. सिस्टर छत्री मिटत म्हणाल्या, "चला, सात बेचाळीस झाले." मग जरा थांबून, "झिलूमामा, पेत्राला हसलात ना तुम्ही?"

"त्याला बसाय जागा न्हवती सिस्टर," झिलू म्हणाला. "आसती तर तोबी बसला आसता."

रामनगरला झिलूने तीन ठिकाणी अंगठा दिला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यात दोन दिवस थेंब घातले. शनिवारी, चोवीस तारखेला, दोघं परत साकवाजवळ आले. रुक्माच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. जीपमधून येताना तिने वाटेतल्या सगळ्या झाडांची नावं मोठ्याने घेतली होती, दुकानाच्या पाटीवरचा कावळा दाखवला होता, आणि झिलूच्या डोक्यावर चार वर्षांत किती टक्कल पडलंय ते सगळ्या जीपला सांगितलं होतं.

साकवाच्या तोंडाशी मात्र ती थांबली. "अगं बाई," ती म्हणाली. "ह्ये पानी येवडं असतं?"

झिलूने तिच्याकडे पाहिलं. "भ्या वाटतंय?"

"वाटतंय तर. आता दिसतंय न्हवं. तुमी म्होरं व्हा. माजा हात धरा."

झिलूची छाती दोन बोटं फुगली. साकव आजही वरच्या अंगाला सरकू बघत होता. पण मागे घाबरलेली बायको होती, तिला नेणं भाग होतं. तो पुढे झाला. "पान्याकडं बगायचं न्हाई," तो पुढे बघतच सांगू लागला. "मेढीकडं बग. मेढ हालत न्हाई. बगतेस न्हवं?"

"बगतो की."

रुक्मा मेढीकडे एकदाही बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती, पाण्यावर झेप घेणाऱ्या खंड्याकडे बघत होती, वाडीच्या काठावर हात हलवणाऱ्या गुणाकडे बघत होती, आणि सगळ्यांत जास्त समोरच्या टकलाकडे, ज्याच्यावर घाम आला होता. पाय तिचे आपसूक चालत होते, चाळीस वर्षं चालले तसे.

मध्यावर आल्यावर झिलूने मान न वळवता विचारलं, "रुक्मे, तुज्या आज्जीनं खरंच सांगितल्यालं गं? ते बायकूचा हात धरून जायाचं?"

"व्हय तर," रुक्मा म्हणाली. "तुमच्या आज्ज्यानं सांगितल्यालं, अगदी तसंच."